उजवीकडची खुर्ची

थोरलीनं प्रार्थनेसाठी घसा खाकरला की बेकरीवाली हळूच पाय पसरून घ्यायची. आता बराच वेळ बसायचं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं. थोरलीची प्रार्थना सृष्टीच्या निर्मितीपासून निघायची, डोंगर-समुद्र ओलांडायची, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागायची, दोन-चार युद्धं थांबवायची, मग आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं असं करत करत आपल्या गल्लीत शिरायची आणि एकेका दारासमोर थांबत पुढं सरकायची. तोवर किटलीतला चहा गार. पण कुणाची तक्रार नव्हती. 'प्रार्थना करावी तर थोरलीनं' असंच चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे. त्यावर ती 'छे, मी कोण, करवून घेणारा तो' असं म्हणून मान खाली घालायची. मान खाली असली तरी कान उघडेच असायचे.

ती कोट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानात हातानं काजं करायची. भारी कोटाचं काज मशिनवर करत नाहीत. सुईनं टाक्याला टाका भिडवत जायचं, मधून उजेड दिसता कामा नये. तिचं काज उजेडाकडे धरून बघा, फट सापडायची नाही. प्रार्थनाही तिची तशीच होती, शब्दाला शब्द भिडलेला. मध्ये देवाला काही बोलायचं असलं तर त्या बिचाऱ्यानं कुठून बोलायचं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

दर बुधवारी संध्याकाळी तिच्या बाहेरच्या खोलीत प्रार्थनासभा भरायची. खुर्च्या गोल मांडायच्या, शेजारून चार मागून आणायच्या. रीत अशी होती, की प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्या माणसासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची आणि 'आमेन' झालं की त्याचा हात दाबायचा. मग तो आपल्या उजवीकडच्यासाठी करणार. खुर्च्या थोरलीच मांडायची, त्यामुळे कोण कुणाच्या उजवीकडे बसणार हे देवाखालोखाल तिच्याच हातात होतं.

घरात नवरा होता. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा आणि बोलायचाही तोलूनमापून. बुधवार आला की त्याला कुठला तरी काटा तातडीनं दुरुस्त करायचा असायचा. त्यानं एकदा तरी या गोलात येऊन बसावं, ही थोरलीची जुनी मागणी होती. ती मागणी तिनं देवाकडे इतक्यांदा केली होती की देवालाही ती तोंडपाठ झाली असेल.

असं सगळं ठाकठीक चाललेलं असताना वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दिरानं, आता हा काही लग्न करत नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं असताना, लग्न केलं. जी आली ती धाकटी. मोठ्या हॉस्पिटलात लिफ्ट चालवायची. दिवसभर स्टुलावर बसून बटणं दाबायची. स्ट्रेचर, डबे घेऊन आलेले नातेवाईक, रिपोर्ट छातीशी धरलेली माणसं, सगळी तिच्याच हातून वर जायची आणि खाली यायची.

पहिल्याच बुधवारी धाकटीच्या उजवीकडे बेकरीवाली आली. धाकटीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू, मावशींचा गुडघा फार दुखतोय. बघ जरा. आमेन."

आणि हात दाबला. झालं. बेकरीवालीनं दचकून डोळे उघडले. कोपऱ्यातले निवृत्त पोस्टमन हसून म्हणाले, "पोचली! थेट पोचली!"

"एवढीशीच?" थोरलीनं चहा देताना विचारलं.

"सवय आहे ताई," धाकटी म्हणाली. "दारं बंद झाली की बोलायचं, चौथा मजला आला की आमेन. लोकांना उतरायचं असतं ना!"

सगळे हसले. थोरलीही हसली, पण पोटात एक आणि ओठात एक. ही काय प्रार्थना म्हणायची? दूधवाल्याला निरोपसुद्धा माणूस याहून सविस्तर देतो.

पुढं काय झालं असेल ते ओळखा. गुडघा बरा झाला! वर्षभर तो गुडघा थोरलीनं बुधवारमागून बुधवार वाहिला होता. गुडघ्याची वाटी, तिच्याखालचं हाड, भोवतालच्या शिरा, सगळं देवाला नीट समजावून सांगितलं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं होतं म्हणा, पण ते कोण लक्षात घेतो? बेकरीवाली गल्लीभर सांगत सुटली, "धाकटीनं दोन शब्द काय टाकले आणि मी जिना चढायला लागले!" थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

त्यानंतर थोरलीला एक वाईट खोड लागली. ती जिन्यातली पावलं ऐकायला लागली. पूर्वी संध्याकाळी जी पावलं तिच्या दाराशी थांबायची, 'ताई, पोरीच्या नोकरीसाठी प्रार्थना करा हं' म्हणायची, ती आता दारावरून तशीच वर जायची. काही माणसं तर तिच्या दारापाशी आली की टाच उचलून चालायची, आणि ते तिला जास्त लागायचं. मग वरून धाकटीचं हसणं ऐकू यायचं. थोरली हातातलं काम खाली ठेवायची आणि उगाच पुन्हा उचलायची.

तिचा राग धाकटीवर होता हे खरं, पण मूळ दुखणं वेगळं होतं. ते तिनं एकदा एकटी असताना देवाला सांगूनही टाकलं. "मी एवढी वर्षं तुझ्या दारात उभी आहे. कधी नागा केला? आणि ही काल आली, चपला न काढता आत शिरली, आणि तू तिच्याशी गप्पा मारत बसलास!" नवऱ्यानं परक्या बाईशी गुलूगुलू बोलावं आणि बायकोनं दाराआडून ऐकावं, तसा हेवा तिला वाटत होता. देवाचा हेवा करायचा नसतो, देवावरून दुसऱ्याचाही करायचा नसतो, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? मत्सर काही विचारून येत नाही.

त्यातच चर्चमध्ये आलेल्या नव्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एक नवी पद्धत काढली. पाळक तरुण होते, बोलायचे हळू. ते म्हणाले, "बोलण्याआधी आपण थोडं गप्प बसू या. तीनदा. पहिल्यांदा देवाचं आणि आपलं नातं मनात आणायचं. मग आपलं स्वतःशी असलेलं नातं. मग जगाशी."

थोरलीला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. तरी तिनं डोळे मिटले. देवाशी नातं, असं मनात म्हणते तोच धाकटी समोर आली. तिच्यात असं काय आहे की तो तिचं ऐकतो? पाळक म्हणाले, "आता स्वतःशी." थोरलीनं स्वतःकडे पाहिलं आणि लगेच मोजमाप सुरू केलं, माझ्यात तिच्यापेक्षा काय कमी आहे? पाळक म्हणाले, "आता जगाशी." जग तर काय, सगळं तिच्याच बाजूला! तीन नाती आणि तिन्ही ठिकाणी ही एकच बाई पाय पसरून बसलेली. थोरलीनं डोळे उघडले तेव्हा पाळक कौतुकानं म्हणाले, "ताई, तुम्ही फार खोल गेला होतात." ती काय बोलणार?

मग तो बुधवार आला. आदल्या रविवारी पाळकांनी जाहीर केलं होतं, की मंडळीच्या वर्धापनदिनाच्या उपासनेत मुख्य प्रार्थना या वर्षी धाकटी करेल. आजवर ती थोरलीच करत आली होती. कुणी तिला विचारलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. 'नव्यांना संधी' म्हणे! थोरली तीन दिवस आतल्या आत धुमसत होती. बुधवारी तिनं खुर्च्या मांडल्या आणि इतके महिने जे टाळलं होतं ते मुद्दाम केलं. धाकटीला आपल्या उजव्या हाताला बसवलं. धाकटीच्या पलीकडची खुर्ची उशिरा येणाऱ्यासाठी रिकामी ठेवली.

प्रार्थना सुरू होणार तेवढ्यात दारात नवरा उभा. स्वच्छ शर्ट, केस ओले करून विंचरलेले. कुणाकडे न बघता तो आत आला आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसला.

थोरली खुर्चीत ताठ झाली. आला! तिची मागणी, तिची एकटीची, देवानं ऐकली होती! तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. पाहिलंत ना? बेकरीवालीनं पाहिलं, पोस्टमननी पाहिलं, पाळकांनीही पाहिलं. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. तिच्या अंगात बळ आलं, आणि बळ आलं की माणूस काय करेल सांगता येत नाही.

तिची पाळी आल्यावर तिनं धाकटीसाठी प्रार्थना सुरू केली. आवाज असा मऊ, की जशी लोण्यात बुडवलेली सुरी.

"हे प्रभू, ही तुझी धाकटी दासी. तिच्या कामासाठी तुझे आभार. वर जाणारी लिफ्ट खालीही येते, हे तिला रोज दिसतं, त्याचा अर्थ तिला कळू दे. कमी बोलण्याचाही गर्व होऊ शकतो, तो तिच्यापासून दूर ठेव. लोकांच्या कौतुकानं तिचं डोकं फिरू देऊ नकोस. वडीलधाऱ्यांच्या जागेवर बसण्याआधी त्यांना विचारावं, एवढी नम्रता तिला दे. आमेन."

असले टोमणे मारायला प्रार्थनेसारखी सोयीची जागा नाही. समोरच्याला उलट बोलता येत नाही, डोळेही उघडता येत नाहीत, आणि शेवटी वर 'आमेन' म्हणावं लागतं. सगळे आमेन म्हणाले. बेकरीवालीचं आमेन जरा अडखळलं. धाकटीनंही म्हटलं, अगदी हळू. थोरलीनं तिचा हात दाबला. तो गार होता.

आता धाकटीची पाळी. तिच्या उजवीकडे थोरलीचा नवरा. थोरली वाट बघत राहिली, बघू तरी ही माझ्या नवऱ्याबद्दल काय बोलते! हिला काय माहीत त्याच्याबद्दल?

धाकटी बराच वेळ गप्प होती. चौथा मजला येऊन गेला असेल, गच्चीही आली असेल. मग ती म्हणाली, "प्रभू, तुला माहीत आहे. आमेन."

"आमेन," नवरा म्हणाला. मोठ्यानं, आणि मध्येच आवाज फुटला त्याचा.

थोरलीनं डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात, पण तिनं उघडले. नवऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. त्याचा हात अजून धाकटीच्या हातात होता. काय माहीत आहे देवाला? आणि ज्या अर्थी ही असं म्हणते, त्या अर्थी हिलाही माहीत आहे. नवऱ्याला तर आहेच. देव, धाकटी आणि नवरा, तिघांचं काहीतरी आहे आणि त्यात ती नाही. इतके महिने जे जळणं चाललं होतं ते यापुढं काहीच नव्हतं. पुढच्या प्रार्थना तिला ऐकूच आल्या नाहीत.

लोक गेले. चहा तसाच राहिला. नवरा शेजारच्या खुर्च्या एकात एक घालत होता.

"काय माहीत आहे?" थोरली म्हणाली.

त्यानं पुढची खुर्ची उचलली.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. धाकटीला काय माहीत आहे?"

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटण काढलं आणि कॉलर बाजूला केली. मानेवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

"गाठ आहे," तो म्हणाला. "तुकडा काढून तपासायला दिलाय. उद्या कळेल."

थोरली बघत राहिली. जन्मभर काजं-बटणं केलेली बाई! नवरा कधी गळ्याशी बटण लावत नाही. गेला आठवडाभर लावत होता आणि तिला दिसलं नव्हतं. घसा बसलाय म्हणाला तेव्हा तिनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या होत्या. साऱ्या जगासाठी प्रार्थना आणि दिव्याखाली अंधार.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू बुधवारी प्रार्थना केली असतीस."

"मग? केली असती! जीव तोडून केली असती!"

"हो. सगळ्यांसमोर." तो थांबत थांबत बोलत होता. "मी प्यायचो तेव्हा केली होतीस. कुणाला ठाऊक नव्हतं तोवर. दुसऱ्या दिवशी वाणी मला काटा दुरुस्तीला देताना माझं तोंड हुंगत होता."

"पण सुटली ना दारू? ऐकलं ना देवानं?"

"ऐकलं," तो म्हणाला. "गल्लीनंही ऐकलं."

  थोरलीला वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, आणि या सगळ्याच्या वर, लाज वाटावी असं, तिला अजूनही हेच विचारायचं होतं. तिनं विचारलंच.

"आणि तिला सांगितलंत?"

"तिलाही नाही सांगितलं. लिफ्टमध्ये ती होती. मी कागद पाठीमागे लपवला. तिनं विचारलं नाही. दारं बंद झाल्यावर एवढंच म्हणाली, 'प्रभू, दादा आलेत.' मग मीच बोललो."

'प्रभू, दादा आलेत.' थोरलीनं ते शब्द मनात उलटसुलट करून पाहिले. कुठं फट सापडते का ते पाहिलं. सापडली नाही. आपल्याला हे सुचलं असतं का? नसतं. आपण गाठीच्या आकारापासून सुरुवात केली असती.

बाहेर दिवे लागले होते. नवरा बटणाशी चाळा करत बसला होता. आयुष्यात सगळ्यात जड गेलेलं वाक्य थोरली बोलली. "धाकटीला बोलावू का?"

तिला वाटलं तो नको म्हणेल. नको म्हणावं, म्हणून तिनं त्याच्याकडे आशेनं पाहिलंही.

"बोलाव," तो म्हणाला.

ती जिना चढली. आजवर जी माणसं तिचं दार टाळून याच पायऱ्या चढून गेली होती त्या सगळ्यांवर ती चिडली होती, आणि आता त्यांच्याच मागून निघाली होती. दार धाकटीनं उघडलं. डोळे सुजलेले.

"ताई, मी कुणाला काही बोलले नाही. देवाशपथ. घरात ह्यांनासुद्धा नाही."

"ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "म्हणून तर ते तुझ्याकडे आले."



"मघाशी मी तुझ्यासाठी जे मागितलं ना..." थोरलीनं सुरुवात केली.

"लागलं ते," धाकटी म्हणाली.

"लागावं म्हणूनच बोलले होते."

"कळलं होतं मला. त्यालाही कळलं असेल."

थोरलीला क्षमा मागायची होती. पण अशा गोष्टी ती नेहमी देवाकडे मागायची, माणसाकडे मागायची सवय नव्हती.  "चल खाली," ती म्हणाली. "त्यांना तू हवी आहेस." हे म्हणताना तिचा आवाज इतका कडवट होता की कुणाला वाटावं, ही भांडायलाच आली आहे. धाकटीनं चपलाही घातल्या नाहीत, तशीच मागोमाग आली.

खाली तिघं तीन खुर्च्यांवर बसली. धाकटीनं डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. ती नुसती बसली. मग नवरा बोलायला लागला. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तो दिवस, डॉक्टरांचा चेहरा, झोप न येणं, थोरली शेजारी घोरत असताना तिचा हात धरून ठेवणं, सगळं. थोरलीच्या ओठांवर प्रार्थना सारखी येत होती. तयार, घोटलेली, उजेडाला फट न देणारी. ती दात आवळून बसली. ऐकणं इतकं अवघड असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं बोलणं संपलं. धाकटी काही म्हणेल म्हणून थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. पण नवरा थोरलीकडे वळला.

"तू कर," तो म्हणाला. "पण इथल्या इथं."

थोरलीनं डोळे मिटले. "प्रभू," ती म्हणाली.

पुढं काही येईना. सृष्टी नाही, डोंगर नाहीत, समुद्र नाहीत. ती वाट बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं बोलणं अर्धवट सोडलं होतं आणि समोरच्याला जागा दिली होती. मत्सर तिथंच होता, भीतीच्या शेजारी बसलेला. तिनं त्याला उठवलं नाही की लपवलंही नाही.

"आमेन," धाकटी हळूच म्हणाली.

नवऱ्याला ठसका लागला. पाणी आणायला दोघीही एकदमच उठल्या. मग धाकटी परत खाली बसली.

कधी बसायचं तेही हिला कळतं, थोरलीच्या मनात आलं, आणि तिला धाकटीचा पुन्हा हेवा वाटला. पाणी मात्र तिनंच नेलं, आणि तो पिईपर्यंत पेला सोडला नाही.